मोबाईल स्टार्टर दुकानात चालतो, नदीकाठी बंद पडतो. घोळ असतो ०.०२ व्होल्टचा

रात्री साडेबाराला लाईट येणार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊसकऱ्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेतीच्या थ्री फेज लाईटचं वेळापत्रक फिरतं असतं, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की हातात बॅटरी घ्यायची आणि पंचगंगा, भोगावती, दूधगंगा जी काही जवळ असेल त्या नदीच्या काठाला मोटर चालू करायला जायचं. वाटेत सापाची भीती, पश्चिमेकडच्या तालुक्यांत गव्याची. दिवसा दहा तास वीज द्या या मागणीसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं, त्यामागे हीच रात्रीची खेप होती.

या खेपेवर बाजारात आलेला उतारा म्हणजे मोबाईल स्टार्टर. मोटरच्या पेटीशेजारी एक छोटा डबा, त्यात एक सिमकार्ड. घरातून फोन लावायचा, डबा मोटर चालू करतो आणि उलट मेसेज पाठवतो, 'मोटर चालू झाली'.

आणि मग सुरू होते एक ओळखीची तक्रार. डबा दुकानात टेबलावर व्यवस्थित चालतो. शेतात बसवला की पहिला एखादा उन्हाळा चालतो. त्यानंतर कधीतरी ऐन रात्री फोन लावावा तर 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे'. सकाळी जाऊन बघावं तर डबा चालू. दिवा लागलेला. दुरुस्तीवाला मल्टिमीटर लावतो, व्होल्टेज बरोबर दाखवतो. मग सगळे मिळून एकाच निष्कर्षावर येतात, 'रेंज नसणार.'

रेंजचा हात असतोच, पण अर्धाच. उरलेलं अर्धं कारण डब्यातल्या हिरव्या बोर्डावर असतं आणि ते बऱ्याचदा कुठला भाग खराब झाल्यामुळे नसतं, तर बोर्ड बनवताना व्होल्टचा हिशोब नीट न मांडल्यामुळे असतं. इलेक्ट्रॉनिक्सवाले या हिशोबाला 'टॉलरन्स बजेट' म्हणतात.

बजेट म्हणजे नक्की कशाचं?

कुठलीही चिप एका ठराविक व्होल्टेजवर चालते असं आपण म्हणतो. खरं तर ती एका पट्ट्यात चालते. '३.३ व्होल्ट, ५ टक्के इकडे तिकडे' असं लिहिलेलं असेल तर तिला ३.१३५ ते ३.४६५ व्होल्टमध्ये काहीही चालतं. त्याखाली ती गोंधळते किंवा बंद पडते, त्याच्यावर तिला इजा होऊ शकते.

आता चूक इथे होते. नवखा डिझायनर बाजारात जातो आणि ५ टक्क्यांच्या आत व्होल्टेज देणारा रेग्युलेटर आणतो. रेग्युलेटर म्हणजे बोर्डावरचा पुरवठा सांभाळणारा भाग. चिपला ५ टक्के चालतात, रेग्युलेटर ५ टक्क्यांत देतो, विषय संपला.

विषय तिथे सुरू होतो. कारण ते ५ टक्के एकट्या रेग्युलेटरचे नाहीत. ते घरातल्या पगारासारखे आहेत. रेग्युलेटरने सगळा पगार पहिल्या तारखेलाच उडवला तर वाटेतली तांब्याची पट्टी, कपॅसिटर, उन्हाळा, म्हातारपण यांनी खायचं काय?

कोल्हापूरकरांना याहून जवळचं उदाहरण कॅनॉलचं आहे. पाणी सोडताना मोजून सोडलं जातं, पण टेलच्या शेतकऱ्याला मिळतं ते वाटेत सगळ्यांनी घेऊन उरलेलं. लाईटचंही तसंच. डीपीजवळच्या मोटरला चांगला व्होल्टेज आणि शेवटच्या पोलवरच्या मोटरला कमी, कारण मधल्या तारेत तो खर्च झालेला असतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत लो टेन्शनच्या ग्राहकाला ठरलेल्या व्होल्टेजपेक्षा ६ टक्क्यांहून जास्त फरक पडता कामा नये असं म्हटलं होतं. २३० व्होल्ट धरले तर साधारण २१६ ते २४४. शेवटच्या पोलवरच्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो हसेल, ते वेगळं.

बोर्डावरची चिप म्हणजे अशीच टेलची शेतकरी. रेग्युलेटरने किती सोडलं याला तिच्या लेखी अर्थ नाही. तिच्या पायाशी किती पोचलं ते महत्त्वाचं.

आता खरा हिशोब मांडू

मोबाईल स्टार्टरमध्ये सिमकार्डशी बोलणारा जो भाग असतो त्याला मॉड्यूल म्हणतात. अनेक वर्षं या डब्यांत टू-जी मॉड्यूल वापरली गेली. अशा मॉड्यूलला साधारण ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. डिझायनर मध्यावर थोडं वर, ४ व्होल्ट ठेवतो. म्हणजे खाली घसरायला ०.६० व्होल्ट शिल्लक. भरपूर वाटतात ना?

आधी मॉड्यूलचा स्वभाव बघा. ते बोलत नसतं तेव्हा अगदी कमी करंट घेतं. टॉवरशी बोलताना मात्र झटके देऊन घेतं. टू-जीमध्ये एका फोनला बोलायला ५७७ मायक्रोसेकंदांचा तुकडा मिळतो आणि तो दर ४.६१५ मिलिसेकंदांनी परत येतो. म्हणजे आठातला एक भाग वेळ बोलायचं आणि सात भाग गप्प. त्या एका भागात मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतं. जुना रेडिओ किंवा स्पीकर शेजारी फोन ठेवल्यावर जो 'टर्रर्र टिक टिक' आवाज यायचा, तो याच झटक्यांचा.

मात्र हे २ अँपिअर नेहमी लागत नाहीत. टॉवर जवळ असेल तर मॉड्यूल हळू आवाजात बोलतं. टॉवर लांब असेल तर पूर्ण ताकदीने ओरडतं. शाहूपुरीतल्या दुकानात टेबलावर डबा चालतो आणि नदीच्या खोलगट काठावर बंद पडतो त्याचं पहिलं कारण हे. रेंज कमी आहे म्हणून फोन लागत नाही असं नव्हे. रेंज कमी आहे म्हणून मॉड्यूल जास्त करंट ओढतं, म्हणून व्होल्टेज पडतो, म्हणून मॉड्यूल बंद होतं.

आता ०.६० व्होल्ट कुठे कुठे जातात ते बघू. आकडे उदाहरणादाखल एका साध्या बोर्डाचे आहेत, पण अवास्तव नाहीत.

पहिला वाटेकरी रेग्युलेटर स्वतः. त्याच्या आत एक संदर्भ व्होल्टेज असतो, तोच मुळात २ टक्के इकडे तिकडे असू शकतो. बाहेर किती व्होल्ट हवेत हे दोन रेझिस्टर लावून ठरवतात, ते प्रत्येकी १ टक्क्याचे. सगळं वाईट बाजूला गेलं तर मिळून साधारण साडेतीन टक्के, म्हणजे ०.१४ व्होल्ट. शिल्लक ०.४६.

दुसरा वाटेकरी ऊन. पत्र्याचा डबा, मे महिना, सावली नाही. तापमानामुळे रेग्युलेटर आणखी १ टक्का सरकला असं धरू. ०.०४ गेले, शिल्लक ०.४२.

तिसरा वाटेकरी तांबं, आणि इथे बहुतेकांचा हिशोब फसतो. बोर्डावरच्या रेषा म्हणजे तांब्याच्या पातळ पट्ट्या, जाडी साधारण ३५ मायक्रॉन. अशी १ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब पट्टी घेतली तर तिचा रोध ०.०५ ओहम भरतो. ऐकायला काहीच नाही. पण त्यातून २ अँपिअर गेले की ०.१० व्होल्ट वाटेतच संपतात. आणि करंट फक्त जात नाही, तो परतही येतो. ग्राउंडची पट्टी तेवढीच बारीक असेल तर येताना आणखी ०.१०. शिल्लक एकदम ०.२२ वर.

पट्टी १० सेंटिमीटर का? कारण अँटेना बोर्डाच्या एका टोकाला हवी म्हणून मॉड्यूल तिकडे, आणि लाईटची तार दुसऱ्या टोकाने आत येते म्हणून रेग्युलेटर इकडे. नकाशावर छान दिसतं.

चौथा वाटेकरी उशीर. २ अँपिअरची मागणी अचानक आली की रेग्युलेटरला जागं व्हायला थोडा वेळ लागतो, समजा ५० मायक्रोसेकंद. तोवर कपॅसिटरने भार सांभाळायचा. (मोटर रिवाइंडिंगवाल्यांच्या भाषेत कंडेन्सर.) १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर या वेळात ०.१० व्होल्टने खाली येतो. शिल्लक ०.१२. शिवाय कपॅसिटरच्या पोटातही थोडा रोध असतो. तो ०.०५ ओहम धरला तर २ अँपिअरला आणखी ०.१०.

शिल्लक ०.०२ व्होल्ट.

म्हणजे मॉड्यूलच्या पायाशी ३.४२ व्होल्ट पोचले. मर्यादा ३.४०. डबा चालतो! सगळं वाईटात वाईट धरूनही चालतो. डिझायनर खूश, माल बाजारात.

मग दुसऱ्या उन्हाळ्यात काय होतं?

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत एक द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. या धंद्यात एक ढोबळ नियम आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. द्रव कमी झाला की पोटातला रोध वाढतो. तो ०.०५ चा ०.१० ओहम झाला असं धरा. आधी ०.१० व्होल्ट खाणारा कपॅसिटर आता ०.२० खातो. मॉड्यूलच्या पायाशी ३.४२ ऐवजी ३.३२ येतात.

मॉड्यूल स्वतःला बंद करतं. फोन 'कव्हरेज क्षेत्राबाहेर'.

बंद झाल्यावर करंटची मागणी संपते, व्होल्टेज परत ४ वर येतो, दिवा लागलेलाच असतो. मल्टिमीटर लावला तर तो ४.० दाखवणार, कारण साधा मल्टिमीटर सेकंदातून दोन-चार वेळा सरासरी काढून आकडा दाखवतो. ५७७ मायक्रोसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही. तो बघायला ऑसिलोस्कोप लागतो, आणि गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे तो असण्याची अपेक्षा करणं बरोबर नाही. दुरुस्तीवाला खोटं बोलत नसतो. त्याच्या यंत्राला जे दिसतं तेच तो सांगतो.

यात आणखी एक गंमत आहे, डिझायनरला रडवणारी. मोटर चालू होते त्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे लाईनचाच व्होल्टेज खाली बसतो. आणि नेमकं त्याच क्षणी डब्याला मेसेज पाठवायचा असतो, 'मोटर चालू झाली'. म्हणजे डब्यात येणारा पुरवठा सगळ्यात कमकुवत आणि मॉड्यूलची मागणी सगळ्यात जास्त, दोन्ही एकाच सेकंदात.

पण सगळंच एकदम वाईट होतं का?

हा प्रश्न अनुभवी डिझायनरही विचारतात आणि तो रास्त आहे. संदर्भ व्होल्टेज खालच्या टोकाला, एक रेझिस्टर वरच्या टोकाला, दुसरा खालच्या टोकाला असा योगायोग हजारात एखाद्या बोर्डावर होणार. त्यासाठी सगळ्या बोर्डांवर खर्च का करायचा? म्हणून काही जण सरळ बेरीज न करता प्रत्येक आकड्याचा वर्ग करून, त्यांची बेरीज करून, वर्गमूळ काढतात. वरच्या सहा आकड्यांना हे लावलं तर ०.५८ ऐवजी साधारण ०.२५ व्होल्ट येतात. एकदम निम्म्याहून कमी.

लग्नाच्या जेवणासारखंच आहे हे. पत्रिका हजार वाटल्या म्हणून कोणी हजार ताटं मांडत नाही, काही जण येत नाहीत हे गृहीत असतं. पण घरची पन्नास माणसं येणारच. त्यांनाही 'येतील न येतील' मध्ये मोजलं तर ताटं कमी पडतात.

तांब्यातली घट ही घरची माणसं आहे. ती प्रत्येक झटक्याला होणारच, त्यात नशिबाचा भाग नाही. कपॅसिटरची आणि उशिराची घटही तशीच. वर्गमूळाची सवलत फक्त जिथे खरंच योगायोग आहे तिथे, म्हणजे रेझिस्टर आणि संदर्भ व्होल्टेज यांच्यात चालते. बाकी सगळं सरळ बेरजेने. उन्हाचंही तसंच. ऊन सगळ्या भागांवर एकाच वेळी पडतं, त्यामुळे त्या चुका एकमेकींना छाटतील या भरवशावर राहणं धोक्याचं. वर्गमूळ काढून सगळ्याला लावणारा हिशोब कागदावर देखणा असतो आणि नदीकाठी पडतो.

दुरुस्ती महाग असते का?

इथे चांगली बातमी आहे. या बोर्डावरची सगळ्यात मोठी गळती जवळजवळ फुकटात बंद होते. तांब्याची पट्टी १ ऐवजी ५ मिलिमीटर रुंद केली की जातानाची आणि येतानाची घट मिळून ०.२० वरून ०.०४ वर येते. ०.१६ व्होल्टची बचत, आणि बोर्डावर जागा असेल तर खर्च शून्य, कारण बोर्ड बनवताना तांबं सगळीकडे असतंच, नको तिथलं काढून टाकतात. कपॅसिटर रेग्युलेटरजवळून उचलून मॉड्यूलच्या पायाशी ठेवला तर झटक्याचा पहिला मार लांबच्या पट्टीतून जातच नाही. टेलच्या शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर शेततळं केल्यासारखं.

तिसरा उपाय थोडा चतुर आहे. वरची बाजू बघा. ४ व्होल्टवर वर जाण्याचं भय किती? रेग्युलेटर आणि ऊन मिळून ०.१८, म्हणजे ४.१८. मर्यादा ४.४. वरच्या अंगाला जागा रिकामी पडली आहे आणि खालच्या अंगाला गर्दी. मग मध्य ४.१ वर का ठेवू नये? वर साधारण ४.२९ पर्यंत जाईल, मागणी अचानक थांबल्यावर जी छोटी उसळी येते तिलाही थोडी जागा उरेल, आणि खाली जवळपास ०.१० व्होल्ट मिळतील.

ही युक्ती जगप्रसिद्ध वस्तूंतही आहे. विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ५ व्होल्टवर चालतो असं म्हणतात, पण त्याचा अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्टचा असतो. केबलमध्ये काही खर्च होणार हे धरूनच. व्होल्टेज ४.६३ च्या आसपास घसरला की तो 'अंडरव्होल्टेज' असा इशारा देतो. कोणताही फोन चार्जर आणि बारीक स्वस्त केबल लावून हा इशारा बघितलेल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना केबलवरचा खर्च म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आणि मोटर सुरू होतानाच्या मेसेजचं काय? तिथे तर एकही भाग बदलायचा नाही. प्रोग्राममध्ये पाच-दहा सेकंद थांबून मग मेसेज पाठवायचा. मोटर वेगात येते, लाईन सावरते, मग मॉड्यूलने बोलावं.

दूध संस्थेतला काटा मात्र हुशार निघाला

काही खर्च बजेटमध्ये बसवण्यापेक्षा बजेटमधून काढून टाकता येतो. याचं उदाहरण गावोगावच्या दूध संस्थांत सकाळ-संध्याकाळ बघायला मिळतं. कॅन ठेवला की वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा.

काट्याच्या आत लोड सेल असतो. त्याला ५ व्होल्ट दिले आणि तो २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा असेल, तर पूर्ण भाराला तो फक्त १० मिलिव्होल्ट देतो. काटा १०० किलोचा असेल तर एका किलोला ०.१ मिलिव्होल्ट. आता ते ५ व्होल्ट १ टक्क्याने घसरले तर लोड सेलचं उत्तरही १ टक्क्याने घसरणार. १० किलो दुधाला १०० ग्रॅम कमी. रोज दोन वेळा, महिन्याचे तीस दिवस. हा आकडा कुठल्याही दूध उत्पादकाला झोपेतून उठवेल.

यावर उपाय म्हणजे पुरवठा आणखी अचूक करा, असं वाटतं. काटे बनवणारे तसं करत नाहीत. लोड सेलला जो व्होल्टेज देतात तोच मोजणाऱ्या चिपला मापदंड म्हणून देतात. पुरवठा १ टक्का घसरला तर वजनाचा संकेतही १ टक्का घसरतो आणि मोजपट्टीही १ टक्का आखडते. भागाकार तोच राहतो. वजन जसंच्या तसं. पुरवठा हळूहळू सरकल्याने होणारी ही चूक हिशोबातूनच बाद. झटपट होणारा खरखराट मात्र यातून पूर्ण जात नाही, त्यासाठी वेगळी गाळणी लागते. काटा खरा आहे की नाही हे तपासून शिक्का मारण्याचं काम वैधमापन विभागाचं, ते यामुळे टळत नाही.

मोबाईल स्टार्टरच्या मॉड्यूलला ही सोय नाही. त्याला भागाकार नको असतो, ताकद हवी असते.

फोर-जी आल्यावर प्रश्न मिटला का?

टू-जीचा तो २ अँपिअरचा तुकड्या-तुकड्यांचा झटका फोर-जीमध्ये तसा नसतो, मागणी कमी आणि सलग असते. पण बरीच फोर-जी मॉड्यूल रेंज नसेल तेव्हा टू-जीवर उतरतात. नदीकाठी नेमकं तेच होतं. त्यामुळे डिझायनरला बजेट अजूनही त्या २ अँपिअरलाच धरून करावं लागतं.

दुसऱ्या टोकाला, तुमच्या फोनमधल्या किंवा डेटा सेंटरमधल्या प्रोसेसरचा हिशोब तर याहून चिकट आहे. ०.८ व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरला ३ टक्के सूट म्हणजे फक्त २४ मिलिव्होल्ट. आणि सर्व्हरमधला असा प्रोसेसर १०० अँपिअर एकदम मागू शकतो. म्हणजे पुरवठ्याच्या वाटेतला एकूण रोध ०.०००२४ ओहमपेक्षा जास्त चालणार नाही. वरच्या उदाहरणातली आपली एकच १० सेंटिमीटरची पट्टी याच्या दोनशे पट आहे. म्हणून मोठ्या प्रोसेसरभोवती रेग्युलेटर असे चिकटून बसलेले असतात, आणि चिपच्या खाली-वर बारीक कपॅसिटरचा सडा पडलेला असतो.

शेतातल्या डब्याला एवढं काही नको. घेताना झाकण उघडून बघायला मिळालं तर एक गोष्ट साध्या डोळ्यांनी दिसते. सिमकार्डच्या खोबणीजवळ चौकोनी पत्र्याचं मॉड्यूल असतं. त्याच्या अगदी शेजारी मोठा कपॅसिटर उभा आहे, की तो बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला, लाईटची तार येते तिकडे आहे? आणि डबा आधीच बसवलेला असेल, दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यानंतर रुसायला लागला असेल, तर नवा डबा घेण्याआधी किंवा सिम बदलण्याआधी तो कपॅसिटर बदलून बघावा. १०५ अंशांचा, कमी रोधाचा मागून घ्यायचा. मॉड्यूलच्या मानाने तो किरकोळ किमतीत मिळतो.